तिसरं कडवं

मक्याचं पीठ कुठल्या फळीवर हलवलं म्हणून शोधत होते,
तर दुकानाच्या छतातून कुणीतरी माझं नाव घेतलं.
ओलीटा.
बाईचा आवाज. कोवळा, जरा नाकातला,
आमच्या ओझार्क डोंगरातला नव्हे, पण शिकून घेतलेला.
एकतीस वर्षं कारखान्यात कोंबड्यांची हाडं काढून
वाकडी झालेली माझी बोटं
ढकलगाडीच्या दांडीवर ताल धरायला लागली,
मला न विचारता.

व्हर्लिनने हे गाणं बहात्तर साली रचलं.
आर्कान्सातल्या रेडिओवर दोन उन्हाळे वाजलं,
मग विरलं. तोही विरला,
आधी यकृत, मग बाकीचा.
आता ही पोर, वय चोवीस, कानात चांदीचा नाल,
तिने ते उचललं, चाल निम्म्याने संथ केली,
आणि कुठकुठली माणसं मोटारी काढून
आमच्या लाकडी पुलावर यायला लागली.
कठड्याला निळ्या रिबिनी बांधतात.

निळ्या, कारण गाण्यात माझा झगा निळा आहे.
झगा हिरवा होता. आईने पडद्याच्या कापडातून शिवलेला.
यमकाला निळा हवा होता, व्हर्लिनने निळा केला.
एवढं मी त्याला तेव्हाच माफ केलं.

पण गाण्यात पुलावर तो थांबतो,
हातात सूटकेस,
आणि मी येत नाही.
परवा एक बाई मला तिथेच भेटली, रिबिनीची गाठ मारताना.
म्हणाली, "असा माणूस सोडून गेली, कशी असेल हो ती?"
"असेल बापडी," मी म्हटलं,
आणि तिला कात्री दिली.

थांबले होते मी.
सूटकेस माझी होती, कुलूप मोडलेली, सुतळीने आवळलेली.
सहाची मालगाडी गेली, नऊची गेली,
नदीवरचं धुकं गुडघ्यापर्यंत आलं.

हे व्हर्लिनला माहीत होतं.
तिसऱ्या कडव्यात त्याने सगळं कबूल केलंय:
खाली सायकमोरच्या झाडाआड
दिवे विझवून तो ट्रकमध्ये बसला होता,
मी त्याला दिसत होते,
आणि किल्लीकडे हात जात नव्हता.
ते कडवं तो गायचा नाही, बोलायचा,
फौजदारापुढे जबानी द्यावी तसा.

पोरीने तेवढंच गाळलं.
तीन मिनिटांत बसत नसेल.
किंवा तिच्या वयाला
पुलावर ताटकळणारा पुरुष जास्त गोड वाटत असेल.

त्या रात्री पुलावर आला तो हॉलिस,
कोंबड्यांच्या खाद्याची पोती घेऊन चाललेला.
काच खाली करून म्हणाला, "कुठे सोडू?"
"घरी," मी म्हटलं.
पुढे काही विचारलं नाही. हीटर लावला.
पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला,
आणि तो कुठल्याच कडव्यात नाही.

व्हर्लिनची तबकडी घरात होती.
"लावू नकोस" असं हॉलिस कधी म्हणाला नाही.
लावली, की कुत्र्याला फिरवायला न्यायचा.
अशी आमची चार कुत्री झाली.

काल संध्याकाळी मागच्या शेडमधून शीळ ऐकू आली.
गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता,
आणि तीच चाल, नवी, संथ,
सूर जागोजागी सुटलेला,
दुसरं कडवं संपलं की पुन्हा पहिल्याकडे वळणारा,
जणू पुढे काही नव्हतंच कधी.

मी ओली ताटली धरून दारात उभी.
पात्यावरून मान न उचलता तो म्हणाला,
"ओली, त्या पोरीला कुणी सांगितलं नाही का,
झगा हिरवा होता म्हणून?"

कुत्रं पायरीवर पडून होतं,
झोपलेलं.